चूडा-मटर आणि सार्डिनियाची बाटली

दामूकाका लघाट्यांनी पान सोडलं ही बातमी सकाळी फुटली आणि दुपारपर्यंत सगळ्या ब्रह्माघाटावर झाली. काशीत माणूस अन्न सोडतो, संसार सोडतो, प्राण सोडायला तर लोक लांबून इथे येतात. पण पान सोडलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. संध्याकाळी शेजारपाजारची मंडळी तब्येत विचारायला आली. त्यातल्या एकाने मला जिन्यातच गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टर काय बोलला?"

डॉक्टर काहीच बोलला नव्हता. काकांनी जीभ स्वच्छ करायला घेतली होती. घरात सार्डिनिया नावाच्या बेटावरून पांढऱ्या वाईनच्या दोन बाटल्या आल्या होत्या, आणि काकांना त्यांच्यासाठी स्थळ बघायचं होतं.

आधी काकांविषयी सांगायला हवं. बँकेने माझी नाशिकहून बनारसला बदली केली तेव्हा काकांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. काका तळमजल्यावर राहत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, सडपातळ, कानात अत्तराचा फाया, डोक्यावर माकडटोपी, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी चांदीचा छोटा चमचा. आम्ही सामान लावत होतो तेव्हा ते वर आले, नाव-गाव विचारायच्या आधी स्वयंपाकघरात गेले, कुकरमधली आमटी चमच्याने चाखली आणि माझ्या बायकोला, नीलिमाला, म्हणाले, "हिचा जोडीदार कोण?"

नीलिमा म्हणाली, "भात."

"भात तर सगळ्यांचाच असतो. तो जोडीदार नाही, तो तर धर्मशाळा आहे. हिच्याबरोबर कोशिंबीर कोणती?"

कोशिंबीर केली नव्हती. काका हळहळले. "म्हणजे बिचारी एकटीच."

काकांच्या मते जगातल्या प्रत्येक पदार्थाला एक ठरलेला जोडीदार असतो आणि तो मिळाला नाही तर पदार्थाचा जन्म फुकट जातो. लग्नाच्या पंगतीत ते चमचा काढून पानातल्या प्रत्येक वाटीची चौकशी करत. एकदा वरपक्षाच्या आचाऱ्याला त्यांनी मंडपातच सांगितलं होतं, "मठ्ठ्याशेजारी बासुंदी? अरे भइया, हा तर घटस्फोट आहे." वधूची आई ते भलतंच समजून रडायला लागली होती.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. नीलिमाच्या गोड्या मसाल्यात दगडफूल जास्त पडलंय, असं त्यांनी पहिल्याच महिन्यात जाहीर केलं. तिने त्यात दगडफूल घातलंच नव्हतं. ती हे कधी विसरली नाही, आणि काकांनी ते कधी मानलं नाही.

मधल्या मजल्यावरच्या खोलीत लुचिया राहायची. ती सार्डिनियाची. संस्कृत शिकायला वर्षभरासाठी म्हणून आली आणि तिला तिसरा हिवाळा लागला होता. विद्यापीठात संस्कृत, गल्लीत हिंदी आणि घरात काकांकडून शिकलेली मराठी, असं तिचं चाललेलं असे. आमच्या मुलांना मराठीतून उत्तर द्यायचा कंटाळा. ही मात्र "वहिनी, मला फार भूक लागून गेली" असं म्हणत वर यायची. दोन्ही वेळचं जेवण ती काकांबरोबर जेवायची. काका रोज नवीन जोड्या लावायचे आणि ती मान डोलवून निकाल द्यायची. काकांना मूलबाळ नव्हतं. मालतीकाकू आम्ही यायच्या बऱ्याच आधी गेल्या होत्या. त्यांच्याविषयी काका फारसं बोलत नसत.

त्या पौषात लुचियाचे वडील आले. नाव पिएत्रो. काकांनी ते नाव एकदा उच्चारून बघितलं आणि घाबरून म्हणाले, "जिवंत माणसाला पितर कसं म्हणू? काशीत तर बिलकुल नाही." मग त्यांनी त्यांचा पेतरूभाऊ केला. पेतरूभाऊ रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला शेतकरी माणूस. समुद्रकाठी त्यांचा द्राक्षाचा मळा होता. इटालियनखेरीज कुठलीही भाषा येत नव्हती. त्यांनी बॅगेतून लोकरीच्या स्वेटरांत गुंडाळलेल्या दोन बाटल्या काढल्या आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरल्या. "माझ्या मुलीला जेवू घालता, म्हणून," असं लुचियाने भाषांतर करून सांगितलं. घाटाजवळच्या एका लॉजमध्ये त्यांची राहायची सोय होती. ते तिकडे गेल्यावर लुचिया तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली.

"काका, बाबा मला घेऊन जायला आले आहेत."

गेल्या वर्षी तिची आई गेली होती. भाऊ मिलानला नोकरीत, तो परत यायचा नव्हता. मळ्यात वडील एकटे होते. "मला इथे राहायचं आहे," ती म्हणाली. "माझं सगळं काम इथे आहे. तुम्ही बाबांना समजावा. तुमचं ते ऐकतील."

काकांनी बाटली उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, "पोट भरलेला बाप नाही म्हणत नाही. रविवारी गच्चीवर जेवण घालू. पण आधी हिच्याशी काय जमतं ते बघायला हवं." 

द्राक्षाच्या जातीचं नाव व्हर्मेंतिनो. काका खूश झाले. "वर-मंत्री. वराचा मंत्री. हा तर आपल्याच धंद्यातला."

म्हणून पान बंद झालं. तंबाखू, चुना, कात, सगळ्याने जीभ बधिर होते म्हणाले. दिवसभर ते आवळा चघळत बसायचे, आणि पानाच्या ठेल्यावरून जाताना मान वळवून गंगेकडे बघायचे.

दोहोंपैकी एक बाटली सरावाला घ्यायची असं ठरलं. पण ती गार करायची कुठे? काकांकडे फ्रिज नव्हता. आमच्याकडे होता, पण नीलिमा म्हणाली, "नैवेद्याच्या दुधाशेजारी दारूची बाटली मी ठेवणार नाही." वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेवटी कडाक्याच्या थंडीवर भिस्त ठेवून बाटली गच्चीवर पाण्याच्या बादलीत ठेवली. तर लगेच शेजारच्या गच्चीवरून माकडं आली. मी बँकेतून परतलो तेव्हा नीलिमा गच्चीवर शाल पांघरून, हातात काठी घेऊन, त्या बादलीशेजारी खुर्ची टाकून बसलेली होती.

शनिवारी दुपारी उन्हात सराव झाला. काका सोवळं नेसलेच नाहीत एवढंच. बाकी थाट सगळा पूजेचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या वेदपाठ चाललेला, तेव्हा प्रश्न मोठा होता. तो त्यांनी असा सोडवला होता: "प्यायचं नाही. चाखायचं. गिळलं तर पाप, थुंकलं तर परीक्षा." त्यासाठी त्यांनी पानाचं पितळी पीकदान चिंचेने घासून लखलखीत केलं होतं.

पेला त्यांनी नाकाशी नेला. डोळे मिटले. घोट तोंडात घेऊन या गालातून त्या गालात फिरवला, वरून थोडी हवा ओढली आणि पीकदानात नेमका टाकला.

"लिंबाची साल," ते म्हणाले. "रस नाही, साल. मग कच्चा पेरू. मग कुणीतरी शेतातून गवत तुडवत गेलं. आणि मीठ. हे मीठ कुठून आलं?"

लुचिया म्हणाली, "मळा समुद्राला लागून आहे. वारा सुटला की पानांवर मीठ बसतं. बाबा म्हणतात तेच उतरतं."

"आणि जाताना जरासं कडू. बदामाचं कडू. पण राग नाही यात. शहाण्या माणसाचं कडू आहे."

मी नाशिकचा. द्राक्षाच्या गावचा म्हणून मला मत विचारलं गेलं. मला ती छान आंबटसर आणि गार लागली, एवढंच मी सांगू शकलो. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

मग स्थळं बघायला सुरुवात झाली. आमटी पहिली. आमटीतल्या गुळापुढे वाईन एकदम फिकी आणि आंबट झाली. "हिने तिला बोलूच दिलं नाही," काका म्हणाले. चौकातून आणलेल्या टमाटर चाटने तर घशात जाळ झाला. तिखट आणि वाईन एकमेकांना चिथावत होती. कचोरीच्या हिंगात वाईनचा वासच बुडाला. जिलबीबरोबर ती चक्क खोकल्याच्या औषधासारखी लागली, आणि लुचियाने तोंड वाकडं केलं ते बघून काकांनी जिलबीची बशी स्वतः उचलून दूर नेऊन ठेवली. मलइयोचा, म्हणजे केशरी दुधाच्या फेसाचा, मातीचा कुल्हड तर त्यांनी वाईनच्या जवळसुद्धा येऊ दिला नाही. "दोघं भले लोक आहेत. त्यांना कशाला भेटवायचं?"

नीलिमाच्या सुरळीच्या वड्या मात्र पसंत पडल्या. बेसनाचा मऊपणा, वरचं खोबरं-कोथिंबीर, आणि मागून ती खारट झुळूक. काकांनी दोन वड्या खाल्ल्या, दोनदा थुंकले आणि म्हणाले, "बोलणी पुढे न्यायला हरकत नाही." नीलिमा आतून फुलली असावी, पण दगडफुलाची आठवण ठेवून तिने चेहरा कोरा ठेवला.

शेवटी उरलं चूडा-मटर. थंडीत बनारसच्या घराघरांत होतं ते. पातळ पोहे दुधात जरासे ओलावायचे, ताजे मटार तुपात आल्याबरोबर परतायचे, मिरपूड, कोथिंबीर, वरून लिंबू. नीलिमाचा या पदार्थावर जुना राग. "हळद न घातलेले पोहे म्हणजे आजारी माणसाचं जेवण," असं ती म्हणायची. काकांनी ते स्वतः केलं होतं. एक घास खाल्ला, वर घोट घेतला.

पीकदान त्यांच्या हातात होतं, पण हात हलेना.

"काका," मी म्हणालो, "गिळलंत तुम्ही."

काकांनी घशाला हात लावून बघितला. "गेलं खरं," ते शांतपणे म्हणाले. मग म्हणाले, "मटाराचा गोडवा तिने धरला. मिऱ्याने तिला जागं केलं. तुपाला तिच्या आंबटपणाने आवरलं. यात थुंकण्यासारखं काही उरलंच नव्हतं." संध्याकाळी ते त्या थंडीत गंगेत बुडी मारून आले आणि रात्रभर शिंकत राहिले. पण त्यांच्या तोंडावर समाधान होतं.

रविवारी गच्चीवर सतरंजी टाकली. पेतरूभाऊ कोट घालून, केस ओले करून चापून बसवून आले. काकांनी पहिला घोट तोंडात फिरवून पीकदानात टाकला, तेव्हा पेतरूभाऊंचे डोळे चमकले. ते भरभर काहीतरी बोलले. लुचिया हसत म्हणाली, "बाबा म्हणतात, तुम्ही कुठे शिकलात? आमच्याकडचे जाणकार असंच करतात. पण इतकं सुंदर भांडं त्यांच्यापैकी कुणाकडे नाही." मग पेतरूभाऊंनीही पीकदान मागून घेतलं. दोघं म्हातारे ते एकमेकांकडे सरकवत, एक लिंबाची साल म्हणाला की दुसरा मान डोलवत, बराच वेळ बसले होते. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

सुरळीच्या वड्यांचं ताट रिकामं झालं. लुचिया चूडा-मटर गरम करून आणायला खाली गेली, आणि जाता जाता काकांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आता बोलायचं हं." काकांनी मान हलवली. थोडं चूडा-मटर आधीच वर आणून ठेवलेलं होतं. काकांनी ते पेतरूभाऊंना वाढलं.

पेतरूभाऊंनी घास घेतला, मग घोट घेतला. त्यांची मान वर आली. चेहरा उजळला होता, तोंड काही सांगायला उघडलेलं होतं, आणि नजर डावीकडे वळली. तिथे लुचियाची रिकामी जागा होती. ते क्षणभर त्या जागेकडे बघत राहिले. मग तोंड मिटलं, मान खाली गेली आणि ते मुकाट्याने पुढचा घास घ्यायला लागले.

मला यात काही विशेष दिसलं नाही. मी काकांकडे बघितलं तर ते वाढायचं थांबले होते.

लुचिया गरम पातेलं घेऊन वर आली. सगळ्यांना वाढून झालं, तरी काका बोलेनात. तिने डोळ्यांनी खुणावलं. शेवटी ती मराठीतच म्हणाली, "काका, सांगा ना बाबांना."

"बाबांना नाही," काका म्हणाले. "तुला सांगायचं आहे. तू जा, लुचिया."

तिला आधी कळलंच नाही. काकांनी पुन्हा सांगितलं. "घरी जा. त्यांच्याबरोबर."

"पण तुम्ही तर कबूल केलं होतं."

"केलं होतं. तेव्हा मी त्यांना जेवताना बघितलं नव्हतं." काकांनी हातातला डाव खाली ठेवला. "तू खाली होतीस. त्यांना हे आवडलं, खूप आवडलं. मान वर करून त्यांनी तुला शोधलं. चांगलं लागलं की माणूस मान वर करतोच, कुणाला तरी सांगायला. मालती गेली त्या वर्षी मी गाजराची कोशिंबीर केली होती. इतकी चांगली आयुष्यात कधी जमली नव्हती. मी मान वर केली. समोर भिंत होती."

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग तुमचं काय?" लुचियाने विचारलं.

"माझे तीन हिवाळे तू चांगले घालवलेस. आता त्यांची पाळी आहे. संस्कृत कुठे पळून जात नाही. ते इतकी वर्षं थांबलंय."

पेतरूभाऊ एकदा तिच्याकडे, एकदा काकांकडे बघत होते. त्यांनी लेकीला विचारलं, बहुधा हेच, की काका काय म्हणतात. तिने नुसता त्यांच्या कोटाच्या बाहीवर हात ठेवला आणि इटालियनमध्ये एकच लहानसं वाक्य बोलली. ते ऐकून पेतरूभाऊंनी काकांकडे बघितलं, बराच वेळ. मग बाटलीत राहिलेली वाईन त्यांनी काकांच्या पेल्यात ओतली. काकांनी ती थुंकली नाही.

महिनाअखेरीस दोघं गेली. स्टेशनवर पोचवायला आम्ही सगळे गेलो. लुचिया गाडीच्या दारात रडत होती आणि काका तिला तिकडे मटार केव्हा येतात ते विचारत होते. "मार्चमध्ये," ती म्हणाली. "मग मार्चमध्ये कर," काका म्हणाले. "पोहे मी धाडतो. पातळ घे, जाड घेऊ नकोस." गाडी हलली तसे ते थोडं अंतर तिच्याबरोबर चालले. परत येताना ठेल्यावर थांबून त्यांनी दोन पानं लावून घेतली आणि दोन्ही एकदम तोंडात घातली, त्यामुळे घरापर्यंत कुणाला त्यांच्याशी बोलता आलं नाही.

नंतरचे काही दिवस तळमजल्यावरून फोडणीचा वास आला नाही. नीलिमा जिन्यातून जाता-येता थांबायची, दाराकडे बघायची, वर यायची. "बोलावलं तर यायचे नाहीत," ती म्हणाली. "वर मीठ कमी म्हणतील."

पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. काका पातेलं घेऊन उभे होते. "चूडा-मटर केलं होतं, जरा जास्त झालंय. म्हटलं फेकण्यापेक्षा द्यावं."

नीलिमाने झाकण काढून बघितलं. पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. त्यातून चमचाभरसुद्धा कुणी काढून घेतलेलं नव्हतं. तिने बशा मांडल्या, काकांसाठी भिंतीकडे पाठ होईल असा पाट ठेवला आणि आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो. काका नाही-नाही म्हणत बसले.

त्यांनी पहिला घास घेतला. चावला. आणि मान वर केली.

आम्ही दोघंही त्यांच्याकडेच बघत होतो. काका गोंधळले. नीलिमानेही एक घास खाल्ला आणि म्हणाली, "छान झालंय. फक्त मिरं थोडं जास्त पडलंय, काका."

"पडलंय खरं," काका म्हणाले आणि बशी पुढे ओढून निवांत जेवायला लागले.